खाडीचा पारा, ध्रुवाचा पारा

पेणच्या खारेपाटात जावई जेवायला येणार असला की घरात जिताड्याची चौकशी सुरू होते. कुणाच्या तळ्यात आहे, धरमतरच्या खाडीत कुणाच्या जाळ्यात लागलं, किती किलोचं आहे. सुरमई-पापलेट पैसे टाकले की मिळतं. जिताडं बरेचदा ओळखीवर मिळतं. माशाचं वागणंही या मानाला साजेसं आहे. खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जन्मायचं, पिल्लू असताना भरतीबरोबर आत शिरायचं, तिथून नाल्यात, नाल्यातून बांधापलीकडच्या पाण्यात जायचं आणि वाटेत तोंडात मावेल ते गिळत वाढायचं. कोळंबी, खरबी, बोय, प्रसंगी स्वतःचाच धाकटा भाऊ. 

आज जिताड्याकडे पाहायचं ते मोजमापाचं साधन म्हणून. खाडीच्या अन्नसाखळीत जो सर्वांत वर बसतो, त्याच्या मांसात खाडीच्या तळाचा हिशेब जमा होतो, आणि त्या हिशेबातली सर्वांत चिवट नोंद पाऱ्याची असते. इथून जवळपास आठ हजार किलोमीटरवर, उत्तर ध्रुवाच्या परिसरात, हीच जागा सील, नारव्हाल आणि पांढरं अस्वल यांच्याकडे आहे. तिथे ना कारखाना, ना गटार. तरी त्यांच्या अंगात पारा आहे. हे दोन्ही पारे बहुतांशी माणसाच्या धंद्यांतूनच सुटलेले असतात. फरक पडतो तो वाटेत आणि मुक्कामात. धरमतरचं जिताडं विषारी आहे असं मात्र हे प्रकरण म्हणत नाही. ते तपासायचं झालं तर नेमकं कुठे आणि काय तपासायला हवं, एवढंच सांगतं.

आधी नकाशा. खंडाळ्याच्या डोंगरातली अंबा नदी पाली-नागोठण्यावरून येते, खोपोलीकडून पाताळगंगा येते, पेणची भोगावती येते. या सगळ्यांचं पाणी धरमतरच्या खाडीला मिळतं आणि रेवस व करंजा यांच्यामधून मुंबई बंदराच्या दक्षिण अंगाला बाहेर पडतं. त्याच बंदराच्या उत्तर अंगाला ठाण्याची खाडी उघडते. म्हणजे भरती-ओहोटीच्या हिशेबाने पेण आणि ठाणे शेजारी आहेत, मधे कितीही टोलनाके असोत. रोह्याची कुंडलिका वेगळी. ती रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून थेट अरबी समुद्राला मिळते, आणि तिचं बरंचसं पाणी मुळात तिचं नाहीच. १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं ते मुळशी धरणाचं, घाटावरचं पाणी आहे. ऐन मे महिन्यात कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच्या जिवावर. पुढे रोह्याशी, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, सत्तरच्या दशकापासून कीटकनाशकं, रंग आणि सेंद्रिय रसायनांचे कारखाने उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांत कुंडलिकेचं नाव आहे.

पण पाऱ्याचं कोकणातलं मोठं माहेर रोह्यात नव्हतं, ते ठाणे-कल्याणच्या बाजूला होतं. साबण, कागद, रेयॉन या सगळ्यांना कॉस्टिक सोडा लागतो. तो बनवण्याची जुनी पद्धत अशी: मिठाच्या दाट पाण्यातून वीज सोडायची आणि खाली वाहत्या पाऱ्याचा थर ठेवायचा. मिठातलं सोडियम पाऱ्यात विरघळतं, मग ते पाण्याने धुऊन काढायचं, पारा पुन्हा वापरायचा. कागदावर पारा फिरत राहतो, खर्च होत नाही. प्रत्यक्षात तो वाफेतून, धुण्याच्या पाण्यातून, गाळातून, तयार मालातूनही सुटत राहतो. किती सुटावा? २००३ साली सरकार आणि उद्योग यांच्यात पर्यावरण-जबाबदारीची जी सनद झाली, तिच्यात २००५च्या अखेरीपर्यंत टनामागे पाऱ्याचा खप ५० ग्रॅमपर्यंत आणायचं उद्दिष्ट होतं. रोज १०० टन कॉस्टिक बनवणारा कारखाना धरला, तर हे उद्दिष्ट पाळूनही दिवसाला ५ किलो पारा वाटेला लागतो. आधीच्या दशकांत काय होत असेल याचा अंदाज करता येतो. पुढे देशातल्या कारखान्यांनी पारा सोडून पडद्याची पद्धत घेतली, आणि या प्रश्नावर आपल्याकडे झालेल्या कामांतलं हे खरोखर चांगलं काम.

तोवर जो गेला तो गेला. कल्याणजवळच्या काळू नदीतल्या पाऱ्याची चर्चा सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या शास्त्रज्ञांत होती. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे झिंगडे आणि देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर निबंध लिहिला. २००३ साली त्याच संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या राम, रोकडे, बोरोळे आणि झिंगडे यांनी उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर लिहिलं. पहिल्याच्या शीर्षकात खाडी आहे, दुसऱ्याच्या शीर्षकात गाळ. मधल्या बावीस वर्षांत जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष याच दिशेने सरकलं, आणि कायदा अजून तिथे पोचलेला नाही.

कायदा पाणी मोजतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम पारा चालतो. आकडा चिमुकला वाटतो. दिवसाला दहा लाख लिटर सांडपाणी सोडणारा कारखाना हा नियम काटेकोर पाळतो असं समजू. दिवसाला १० ग्रॅम, वर्षाला साडेतीन किलोंहून जास्त पारा, पूर्णपणे कायदेशीर. खाडीत पोचल्यावर तो भरतीच्या पाण्यात इतका विरळ होतो की नमुन्याच्या बाटलीत त्याचा माग लागणं कठीण. अहवालात लिहिलं जातं: आढळला नाही. ते खोटंही नसतं. पारा पाण्यात थांबलेलाच नसतो.

तो जातो कुठे ते ओहोटीला धरमतरच्या काठावर पाहता येतं. पाणी ओसरलं की तिवरांच्या मुळांपलीकडे चिखलाचा चकचकीत उतार उघडा पडतो, निवट्या उड्या मारत बिळांकडे पळतात, लहान खेकडे एक मोठी नांगी हलवत राहतात. या चिखलात फावडं उभं घालून एक लादी कापून काढली की दोन रंग दिसतात. वरचा थर तपकिरी, जेमतेम बोटाच्या पेराइतका, कुठे त्याहून पातळ. त्याखाली एकदम काळं, लोण्यासारखं मऊ, आणि कुजक्या अंड्याचा वास. खेकड्याच्या बिळाच्या भिंतींना मात्र काळ्या थरातही तपकिरी अस्तर असतं, कारण त्या वाटेने हवा खाली पोचते. वर प्राणवायू आहे म्हणून लोखंड गंजलेल्या रूपात तपकिरी राहतं. खाली तो नाही. तिथले जिवाणू श्वासासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून गंधकाचा तो वासाचा वायू सोडतात. लोखंड त्या गंधकाशी जुळलं की काळं पडतं. तपकिरी आणि काळा यांच्या सीमेवर, फार तर काही सेंटिमीटरांत, पाऱ्याची सगळी गोष्ट घडते.

पारा इथवर आला तो मातीच्या कणांना चिकटून. नदीचं गोडं गढूळ पाणी खाऱ्या पाण्याला भेटलं की मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि तळाशी बसतात. म्हणून कोकणातल्या खाड्यांचा वरचा टप्पा, जिथे दोन पाण्यांची गाठ पडते, तिथे गाळ भरपूर. कुंडलिकेत ही गाठ भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्याप्रमाणे खालीवर सरकते, अंबेत पावसाळ्याप्रमाणे. सांडपाण्याच्या पाइपातून आलेला पारा बहुधा या पट्ट्यातच उतरतो. अरबी समुद्र अथांग आहे, सगळं वाहून जाईल, हा आपला लाडका समज पाऱ्याच्या बाबतीत तरी फोल ठरतो.

काळ्या थरात पाऱ्याला गंधक भेटतं, आणि या दोघांचं सख्य आपल्याकडे फार जुनं आहे. वैद्य पारा आणि गंधक खलात तासन्‌तास घोटतात आणि काळी कज्जली बनवतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ती पाऱ्याचं सल्फाइड. हेच संयुग तापवून वेगळ्या स्फटिकांत आणलं की लाल रससिंदूर, आणि खनिज रूपात मिळतो तो हिंगूळ. मूर्तिकारांच्या आणि चित्रकारांच्या लाल रंगात हा हिंगूळ शतकानुशतकं होता. खाडीचा चिखल कुणी न घोटता कज्जली करत असतो. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. इथेच गोष्ट संपली असती तर गाळ हे पाऱ्याचं उत्तम थडगं ठरलं असतं.

ती संपत नाही, कारण सगळा पारा कज्जली होत नाही. थोडा भाग गंधकाबरोबर इतक्या बारीक, विद्युतभार नसलेल्या रूपात राहतो की तो जिवाणूच्या पेशीत शिरू शकतो. आणि काही जिवाणू, विशेषतः ते सल्फेटवर जगणारे, त्याला कर्ब आणि हायड्रोजनचा एक छोटा गट जोडून बाहेर टाकतात. तयार होतं ते मिथाइल मर्क्युरी. हे काम कोणत्या जनुकांच्या जोरावर होतं ते २०१३ साली कळलं; एकमेकांशेजारी असलेली दोन जनुकं, ज्या जिवाणूत ती आहेत तोच हे करू शकतो. उलट दिशेने, मिथाइल मर्क्युरी तोडणारे जिवाणूही त्याच चिखलात असतात. दोघांची ओढाताण चालू राहते, आणि गाळातल्या एकूण पाऱ्यापैकी मिथाइल रूपातला हिस्सा बहुधा एका टक्क्याच्या आतबाहेर असतो. एक टक्का म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण हा एक टक्का अळीच्या, कोळंबीच्या, माशाच्या शरीरात सहज शिरतो, प्रथिनांना चिकटतो आणि लवकर बाहेर पडत नाही. माणसाच्या शरीरातूनही निम्मा बाहेर जायला साधारण पन्नास ते सत्तर दिवस लागतात. प्रत्येक पायरीवर खाणारा खाल्लेल्याचा पारा आपल्यात साठवतो. शेवटी मोठ्या शिकारी माशाच्या मांसातला नव्वद टक्क्यांहून जास्त पारा मिथाइल रूपात सापडतो. चिखलात एक टक्का, जिताड्याच्या जातीच्या शिकारी माशांत नव्वद.

हे उमगायला जगाला एक भयंकर किंमत मोजावी लागली, आणि त्यातही आधी चुकीचा धडा घेतला गेला. जपानच्या मिनामाता गावात एका रसायन कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याचं सांडपाणी उपसागरात सोडलं. १ मे १९५६ रोजी हा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. कोळ्यांची पोरं चालता-बोलताना अडखळू लागली, त्याआधी गावची मांजरं वेडीवाकडी नाचत मेली. तिथे कारखान्यातूनच मिथाइल मर्क्युरी तयार होऊन बाहेर पडत होता. म्हणून पुष्कळांना वाटलं, आमच्याकडे तसा कारखाना नाही, तेव्हा आमचा साधा पारा निरुपद्रवी. मग स्वीडनच्या तळ्यांत, तसला कारखाना नसतानाही, माशांत मिथाइल मर्क्युरी सापडू लागला. १९६९ साली येन्सेन आणि येर्नेलोव यांनी दाखवून दिलं की तो तळाच्या गाळातच बनतो. साधा पारा आणि विषारी पारा असा भेद करून निश्चिंत राहण्याची सोय त्या दिवशी संपली.

मिनामाताने गाळाचं पुढे काय केलं हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे 'खाडी साफ करा' ही मागणी अधूनमधून उठते. १९७७ ते १९९० अशी चौदा वर्षं त्यांनी उपसागराचा तळ उपसला. सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त केला, भिंती घालून त्यावर ५८ हेक्टर जमीन तयार केली. पारा नष्ट केला असं नाही. तो मूलद्रव्य आहे, त्याला जाळता येत नाही की कुजवता येत नाही. फक्त एका जागी बंद केला. अत्यंत सावकाश उपसायचं, पाणी गढूळ होऊ द्यायचं नाही, ही त्या कामातली सगळ्यात अवघड अट होती.

ती अट धरमतरच्या संदर्भात मनात ठेवावी. या खाडीतून कोळसा आणि लोहखनिजाच्या बार्जा डोलवी-धरमतरच्या धक्क्यांना ये-जा करतात. त्यांच्यासाठी मार्ग खोल ठेवावा लागतो, म्हणजे गाळ उपसावा लागतो. कोकणातल्या खाड्यांत रेतीचे सक्शन पंप चालतात, रीतसर आणि रीत सोडूनही. उधाणाला खारबंदिस्तीला खांड पडली की वर्षानुवर्षं बसलेला चिखल खळबळून शेतात येतो. अशा प्रत्येक वेळी काळा थर वर येतो, त्याला प्राणवायू भेटतो, लोखंडाचं आणि गंधकाचं जुनं बंधन सैल होतं आणि त्याच्याशी बांधलेला पारा काही काळ मोकळा होतो. पुन्हा बसतानाही तो नव्या ताज्या गाळात, जिवाणूंच्या ऐन कामाच्या पट्ट्यात बसतो. खोल गाडलेला पारा तसाच राहू देणं हे पुष्कळदा उपसण्यापेक्षा शहाणपणाचं असतं. तिवरांची मुळं ते काम फुकट करतात.

किती गाडलेला आहे हे कळायला मार्ग आहे. गाळात उभी नळी खुपसून अख्खा खांब बाहेर काढायचा, त्याच्या एकेक-दोनदोन सेंटिमीटरच्या चकत्या करायच्या आणि प्रत्येक चकतीतला पारा मोजायचा. चकतीचं वय शिशाच्या एका किरणोत्सर्गी प्रकारावरून ठरतं. हे शिसं हवेतून सतत थोडं थोडं पडत असतं आणि बावीस वर्षांत निम्मं होतं. जितकं कमी उरलं, तितकी चकती जुनी. औद्योगिक किनाऱ्यांवरच्या अशा खांबांत तळाला निसर्गाची पातळी दिसते, मग कारखाने आले त्या वर्षांत आकडा चढतो, आणि बंदोबस्त झाला असेल तर वरच्या चकत्यांत उतरतो. सरकारी फायलीत नसलेला इतिहास या खांबात मिळतो.

आता दुसरी वाट. पारा हा एकमेव धातू, जो खोलीच्या तापमानाला पातळ असतो आणि सहज हवेत जातो. कोळशाच्या एका टनात तो साधारण एक दशांश ग्रॅमच्या आसपास असतो. भट्टीत जाळला की धुराबरोबर निघतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली माणसाने जगभर हवेत सोडलेला पारा सुमारे २,२०० टन होता. त्यातला सर्वांत मोठा, ३८ टक्के वाटा हाताने सोनं काढणाऱ्या छोट्या खाणींचा आणि सुमारे २१ टक्के कोळसा जाळणाऱ्यांचा. निम्म्याच्या जवळपास आशिया खंडातून. हवेतला हा पारा बहुतांशी मूळ धातूच्या वाफेच्या रूपात असतो. ती पाण्यात विरघळत नाही, पावसाने धुऊन निघत नाही, आणि काही महिने ते वर्षभर वाऱ्यावर राहते. एवढ्या वेळात उत्तर गोलार्धाची प्रदक्षिणा सहज होते. कोकणातल्या, झारखंडच्या किंवा चीनच्या धुराड्याचा पारा वेगळा ओळखता येऊ नये इतका मिसळतो.

ध्रुवावर तो उतरतो कसा, हे १९९५ साली कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या अलर्ट या ठाण्यावर दिसलं. तिथे हिवाळाभर रात्र असते. वसंतात सूर्य पुन्हा उगवला आणि हवेतला पारा काही तासांत-दिवसांत एकदम जवळजवळ नाहीसा होऊ लागला, मग पुन्हा येऊ लागला, पुन्हा नाहीसा. यंत्र बिघडलं नव्हतं. समुद्रावरच्या बर्फात मीठ असतं, मिठात थोडं ब्रोमीन. उगवत्या सूर्याच्या उजेडाने ते ब्रोमीन मोकळं होतं, ओझोन खातं आणि पाऱ्याच्या वाफेला अशा रूपात बदलतं की ती बर्फाला चिकटते. वर्षभर न पडलेला पारा वसंताच्या काही आठवड्यांत बर्फावर पडतो. त्यातला बराचसा सूर्यप्रकाशाने पुन्हा उडून जातो, पण उरतो तो वितळत्या बर्फाबरोबर समुद्रात, आणि तोही नेमका जीवसृष्टी जागी होण्याच्या हंगामात.

शास्त्रज्ञांना आधी वाटलं की ध्रुवाचा पारा म्हणजे एवढंच. पुढे हिशेब जुळेना. टुंड्रातली खुरटी झाडं आणि शेवाळं उन्हाळ्यात हवेतली पाऱ्याची वाफ पानांतून शोषतात, मरून मातीत मिळतात, आणि ती माती लेना, ओब, येनिसेई या सायबेरियाच्या प्रचंड नद्या उन्हाळ्याच्या तोंडावर आर्क्टिक समुद्रात आणून ओततात. म्हणजे तिथेही शेवटी नदी, मुख आणि गाळ आहेच. आर्क्टिक समुद्राचा जवळपास निम्मा तळ हा उथळ किनारी मंच आहे. तिथे हा नदीचा पारा सेंद्रिय कणांबरोबर बसतो आणि त्याचा मोठा भाग गाडला जातो. आणखी एक साठा जमिनीत आहे: हजारो वर्षं गोठलेली माती, जिच्यात पाऱ्याचा अवाढव्य साठा असल्याचा अंदाज २०१८ साली मांडला गेला. ती आता वितळू लागली आहे.

धरमतर आणि ध्रुव यांतला खरा फरक मिथाइल मर्क्युरी कुठे बनतो यात आहे. आपल्याकडे तो काळ्या चिखलात बनतो. आर्क्टिकमध्ये किनारी गाळात तो बनतोच, पण खुल्या समुद्रात त्याचा मोठा पट्टा पाण्यातच, पृष्ठभागाखाली शे-दोनशे मीटरांवर सापडतो. वर वाढलेलं सूक्ष्म शैवाल मरून खाली येताना त्या खोलीवर कुजतं, आणि त्या कुजण्यात हे रूपांतर होतं. इतर महासागरांत हा पट्टा बराच खोल असतो. आर्क्टिकमध्ये तो वर आहे, सूक्ष्म प्राण्यांच्या तोंडाशी. पुढची साखळी लांब आहे: सूक्ष्म प्राणी, ध्रुवीय कॉड, सील, अस्वल किंवा माणूस. शिवाय थंडीत प्राणी सावकाश वाढतात आणि पुष्कळ जगतात, म्हणजे साठवायला वर्षं भरपूर. वर बर्फाचं झाकण असल्याने समुद्रातून पारा उडून जायची वाटही अडलेली. आर्क्टिकच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ साली सांगितलं की तिथल्या वरच्या शिकारी प्राण्यांतला पारा दीडशे वर्षांत सुमारे दसपट झाला असून त्यातला ९० टक्क्यांहून अधिक माणसाच्या उद्योगांचा आहे.

याचा माणसाशी संबंध सर्वांत स्पष्ट दिसला तो आर्क्टिकच्या वाटेवरच्या फॅरो बेटांवर. तिथे पायलट व्हेल मारून गावभर वाटून खायची रीत आहे. १९८६-८७ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास सुरू झाला. आईच्या पोटात असताना ज्यांना जास्त पारा मिळाला, त्या मुलांची सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरण यांत किंचित पण मोजण्याजोगी पिछेहाट दिसली. कुणी आजारी नव्हतं. मिनामातासारखं काही नव्हतं. पण बुद्धीच्या वाढीला लागलेली ही कात्री डोळ्यांनी दिसत नाही म्हणूनच जास्त काळ चालते. २००८ साली बेटांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी व्हेल खाऊच नये असा सल्ला दिला. शेकडो वर्षांची रीत, आणि तिला धक्का लावणारा धूर त्यांच्या धुराड्यांतला नव्हता.

आपली माणसं तिथे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचं हिमाद्री हे ठाणं २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७९ अंश उत्तरेला आहे. शेजारच्या काँग्सफियोर्ड नावाच्या आखातात २०१४ पासून इंडआर्क ही पाण्याखालची वेधशाळा तापमान आणि क्षारता मोजते. त्याच ठाण्याजवळच्या झेपेलिन डोंगरावर हवेतला पारा नियमित मोजला जातो. हिमनद्यांचं वितळलेलं पाणी त्या आखातात बारीक माती आणून टाकतं, तिथेही गोडं पाणी खाऱ्याला भेटतं, तिथेही कण गोळा होऊन तळाशी बसतात. ध्रुवाचा गाळ अभ्यासणारी संस्था आणि कोकणाचा गाळ अभ्यासणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, दोघींची मुख्यालयं गोव्यातच आहेत.

मग पेण-रोह्याने करायचं काय? जागतिक बाजूला पाऱ्यावरचा मिनामाता करार आहे. २०१३ साली झाला, २०१७ साली लागू झाला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी उसाच्या बेण्याला आणि बटाट्याला लावायचं पारायुक्त बुरशीनाशकही आपल्याकडे बंद झालं. तोवर आपण पारा हाताने शेतात पेरत होतो, याचं नवल कुणाला वाटलं नाही. स्थानिक बाजूला मात्र मोजण्याची सवयच चुकीच्या जागी आहे. सांडपाण्याची बाटली तपासून खाडीचं आरोग्य कळत नाही. गाळाचा खांब हवा, तपकिरी-काळ्या सीमेवरचा मिथाइल मर्क्युरी हवा, आणि दरवर्षी त्याच वजनाची, त्याच जागची जिताडी आणि शिंगाळे तपासलेले हवेत. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत माशासाठी पाऱ्याची ०.५ पीपीएम आणि मिथाइल मर्क्युरीची ०.२५ पीपीएम अशी मर्यादा घातली गेली. मोजून पाहिल्याशिवाय तिचा उपयोग नाही. तोवर ताटापुरता नियम साधा आहे. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मोठी मुशी, मोठा शिकारी मासा रोजचा नको. मांदेली, बोंबील, बोय, जवळा खुशाल खावा. लहान मासा साखळीत खाली असतो, थोडा जगतो, कमी साठवतो. मासे सोडू नयेत, त्यांच्यात मेंदूला लागणारी उत्तम स्निग्धं आहेत.

आणि एक विनंती. खाडीवर नवा धक्का, जुन्याचा विस्तार, मोठा कारखाना किंवा मार्ग खोल करायचं काम निघालं की २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे बहुतेक वेळा जनसुनावणी लागते. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते, अहवालाचा मराठी सारांश पाहायला मिळतो, आणि मंडपात कुणालाही उभं राहून प्रश्न विचारता येतो. तिथे नोकऱ्या आणि मोबदल्याचे प्रश्न होतातच, ते व्हायलाच हवेत. त्यांच्याबरोबर एक प्रश्न नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्या: उपसणार असलेल्या गाळात, किती खोलीवर, किती पारा आहे, आणि तो उपसून कुठे टाकणार आहात?